नागपाड्याची हवा, दादरची झाडे

बासी ईदच्या दिवशी सकाळी दहा-अकराच्या सुमारास भायखळ्याच्या राणीच्या बागेपाशी कधी उभे राहून पाहा. मदनपुरा, नागपाडा, आग्रीपाडा, डोंगरी, थेट कुर्ल्यापासून कुटुंबेच्या कुटुंबे आलेली असतात. बायकांच्या हातात डब्यांच्या पिशव्या, पोरांच्या अंगावर ईदचे कपडे, म्हाताऱ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या. हत्ती-वाघ हे निमित्त असते. खरे तर लोक सावलीत चादर पसरून बसायला आलेले असतात. १८६२ साली ही बाग लोकांसाठी खुली झाली, १८७३ साली ती नगरपालिकेच्या ताब्यात आली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. २०१७ साली मोठ्या माणसाचे पाच रुपयांचे तिकीट पन्नास रुपये झाले, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात जेवढी चर्चा झाली तेवढी बजेटचीही होत नाही. ज्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर हीच एक मोठी बाग आहे, त्यांना ते पंचेचाळीस रुपये कळतात.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. एका वर्षी सहल घेऊन आम्ही माटुंगा-दादरच्या फाइव्ह गार्डन्सना गेलो होतो. परत येताना बसमध्ये सातवीतल्या एका मुलाने विचारले, "टीचर, सारे बाग उधर ही क्यूँ हैं? अपने इधर क्यूँ नहीं?" मी त्याला सांगितले, तिकडे जागा मोकळी होती. तो गप्प बसला, पण माझे समाधान झाले नाही. मुलांना आपण असली अर्धी उत्तरे नेहमी देतो. पुढे या विषयावर जे जे हाती लागले ते वाचत गेले आणि लक्षात आले की या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाची सुरुवात दादरला नाही, नागपाड्यातच होते.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गावी पळाली. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजार होती, ती १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढण्याऐवजी शहर घटले. सरकारने घरोघरी तपासणी सुरू केली. रोगी सापडला की त्याला उचलून इस्पितळात न्यायचे, घरातली माणसे अलग ठेवायची, सामान जाळायचे, घरावर चुना फासायचा. लोकांना मरणाइतकीच या पथकांची धास्ती होती. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात विणकरांनी (सरकारी कागदांत त्यांना 'जुलाहा' म्हटले आहे, आपण मोमिन किंवा अन्सारी म्हणतो) आपल्या घरातला रुग्ण पथकाच्या हवाली करायला नकार दिला. त्यातून दंगल उसळली आणि ती शहरभर पसरली. आपल्याकडे या दंगलीचा उल्लेख झाला तर अडाणी लोकांचा वैद्यकशास्त्राला विरोध असा होतो. तेवढेच खरे नाही. मुलीबाळींच्या अंगाला परक्या पुरुषांनी हात लावून प्लेगच्या गाठी तपासायच्या, आणि नेलेले माणूस परत येईल याची खात्री नाही, अशा वेळी कोण दार उघडेल? त्याच वर्षी पुण्या-मुंबईतल्या हिंदू वस्त्यांतही हाच संताप होता.

त्याच वर्षी मुंबईत 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. कल्पना ग्लासगो शहराकडून उचललेली होती. तिथे १८६६ पासून दाट, रोगट वस्त्या पाडून रस्ते रुंद करण्याचे काम कायद्याने चालले होते. मुंबईच्या ट्रस्टला फार मोठे अधिकार मिळाले. एखादा भाग आरोग्याला घातक म्हणून जाहीर करायचा, जमीन सक्तीने घ्यायची, घरे पाडायची, रस्ते आखायचे आणि उरलेले भूखंड नव्या बांधकामासाठी भाड्याने द्यायचे. सरकारच्या आणि पालिकेच्या मोकळ्या जमिनीही त्याच्याकडे सोपवण्यात आल्या. ट्रस्टचा अध्यक्ष सरकार नेमत असे आणि लोकांनी निवडलेल्या महापालिकेचे सभासद त्यात मोजकेच होते. शहराचा नकाशा कोणी आखायचा, लोकप्रतिनिधींनी की नेमलेल्या अधिकाऱ्यांनी, हा वाद मुंबईत तेव्हापासूनचा आहे.

ट्रस्टची पहिली योजना नागपाड्याची. म्हणजे शहर सुधारण्याची कुदळ पहिल्यांदा पडली ती आमच्या दारात. घरे पडली, सरळ रस्ते झाले, आज आपण ज्या चौकोनी चौकोनी गल्ल्यांतून चालतो त्यातल्या काहींची आखणी तेव्हाची आहे. पण ज्यांची घरे गेली ते गेले कुठे? गोदी, गिरणी आणि माग सोडून ते लांब जाऊ शकत नव्हते. ते शेजारच्या गल्लीत, अगोदरच भरलेल्या खोल्यांत शिरले. एका ठिकाणची दाटी मोडली, दुसऱ्या ठिकाणची वाढली, आणि भाडी सगळीकडेच चढली. पुढे ट्रस्टने गरिबांसाठी चाळी बांधल्या. त्यांना लोक आजही बी.आय.टी. चाळी म्हणतात. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्याची वीसेक वर्षे काढली. मुंबई सेंट्रल, आग्रीपाडा, मांडवी इथल्या चाळींत आपले कितीतरी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. चाळी भक्कम होत्या, पण पाडलेल्या घरांच्या मानाने संख्येने अपुऱ्या होत्या आणि उशिरा आल्या.

इथे एक वेगळी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. नागपाड्याजवळच्या एका नाक्याला 'दो टाकी' म्हणतात. तिथे टाकी दिसत नाही. बाबुला टँक, नवाब टँक, गोवालिया टँक, धोबी तलाव, या नावांतले पाणी आज कुठेही नाही. नळाचे पाणी आल्यानंतर शहरातले तलाव एकामागून एक बुजवले गेले. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मलेरियाची कारणे शोधून अहवाल दिला, त्यानंतर विहिरींवरही गदा आली. डासांचे कारण खरे होते, त्याबद्दल वाद नाही. पण बुजवलेल्या तलावाचे पुढे काय झाले हे मात्र वस्तीवस्तीनुसार बदलले. गोवालिया तलावाचे मैदान झाले, आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये तिथे 'चले जाव'ची घोषणा झाल्याने ते इतिहासात गेले. नागपाड्यात मस्तान तलावाचे नाव मैदानाला राहिले. इतर बऱ्याच ठिकाणी मात्र रस्ते आणि इमारती आल्या. मोकळी जागा एकदा पाण्यामुळे वाचलेली असते. पाणी गेले की ती वाचवायला दुसरे काहीतरी कारण लागते.

आता या इतिहासातला माझा आवडता भाग. १९१२ च्या सुमारास ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर नावाचे इंग्रज अधिकारी होते. त्यांना घरातल्या उजेडाचा आणि हवेचा अक्षरशः ध्यास लागला होता. वस्ती रोगट का होते? माणसे घाणेरडी असतात म्हणून नव्हे, तर दोन इमारतींमध्ये फट इतकी अरुंद असते की खालच्या खोलीला आकाशच दिसत नाही म्हणून. यावर त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे केला. खोलीच्या खिडकीच्या तळापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर एक रेषा काढा. ती समोरच्या इमारतीला अडता कामा नये. त्रिकोणमितीत हा कोन घेतला की सोपा हिशेब निघतो, समोरच्या इमारतीची जेवढी उंची, तिच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे हवे. चाळीस फुटांची इमारत असेल तर वीस फूट. मी फळ्यावर हे काढून दाखवते तेव्हा नववीची मुले लगेच खिडकीकडे बघतात. आमच्या शाळेच्या तळमजल्याच्या वर्गात दुपारी बारालाही ट्यूबलाइट लागते.

ट्रस्टने आपल्या मालकीच्या जमिनींवर हा नियम पाळला आणि भाडेपट्ट्याने भूखंड घेणाऱ्यांना पाळायला लावला. खासगी मालकांच्या जुन्या वस्त्यांत मात्र तो तसाच लागू करायला घरमालकांचा विरोध होता, आणि महापालिकेत घरमालकांचे वजन मोठे होते. प्रत्येक फूट मोकळी जागा म्हणजे बुडालेले भाडे, हा त्यांचा हिशेब. आज आपण ज्याला हरित इमारत म्हणतो तिच्या गुणपत्रिकेत नैसर्गिक उजेड आणि वायुवीजन यांना गुण असतात. मुंबईने हे गुण शंभर वर्षांपूर्वी एका कोनात मोजले होते, त्यासाठी कुठलेही प्रमाणपत्र लागत नव्हते. आमच्या कोकणातल्या गावी तर कोन मोजणाराही कोणी नव्हता. तरी जांभ्या चिऱ्याची जाड भिंत, वर कौले, चारी बाजूंनी पडवी आणि पुढे खळे अशा दादीच्या घरात मे महिन्यातही पंख्यावाचून झोप लागायची. पण गावी जमीन होती. शहरात जमिनीलाच भाव असतो, म्हणून तिथे नियम लागतो.

जुनी वस्ती पाडून सुधारणे महाग पडते आणि माणसे उठतात, हे ट्रस्टला नागपाड्यातच कळले होते. त्यामुळे ऑर यांच्या काळात दुसऱ्या वाटेवर भर आला. उत्तरेकडच्या मोकळ्या जमिनी विकसित करायच्या, म्हणजे लोक आपोआप तिकडे जातील आणि दक्षिणेची दाटी कमी होईल. दादर-माटुंगा-वडाळा-शीवची योजना १८९९-१९०० मध्येच आखली गेली होती. ती हळूहळू उभी राहिली. इथे शेते आणि खाजण होते, त्यामुळे अगोदर रस्ते, झाडे, बागा कागदावर आल्या आणि घरे मागून आली. ट्रस्टमध्येच अभियंता असलेल्या मंचेरजी एदलजी जोशी यांनी आपल्या समाजातल्या मध्यमवर्गीयांसाठी १०३ भूखंड राखून मागितले आणि त्यातून दादर पारशी कॉलनी उभी राहिली. पाच बागांना आज त्यांचेच नाव आहे. जवळच १९२५ मध्ये माहीम पार्क लोकांसाठी खुले झाले, १९२७ मध्ये त्याचे शिवाजी पार्क झाले. माटुंग्यात दक्षिण भारतीय, हिंदू कॉलनीत मराठी-गुजराती मध्यमवर्ग, असे नोकरदार लोक पगाराच्या हिशेबाने तिकडे सरकले.

मग आपण का सरकलो नाही? आमच्याकडे याचे उत्तर लगेच 'तास्सुब' असे दिले जाते. घर मिळण्यात भेदभाव होतो हे मी नाकारत नाही, मीही तो पाहिला आहे. पण १९१० ते १९३० च्या काळापुरते बोलायचे तर मोठे कारण पोटाचे होते. दादरला राहायचे तर ठरलेला पगार हवा आणि रेल्वेच्या पासाचे पैसे हवेत. मागावरचा मोमिन, गोदीतला खलाशी, मोहल्ल्यातला कारागीर यांचे काम आणि घर एकाच गल्लीत होते. 'लोक आपोआप जातील' हे गणित त्यांच्यासाठी मांडलेलेच नव्हते. दुसरे कारण जरा कडू आहे. आपल्या सेठ लोकांनी या शहराला पुष्कळ दिले. १८७४ ची अंजुमन-ए-इस्लाम आहे, हाजी साबू सिद्दीक यांचा मुसाफिरखाना आहे, दवाखाने, यतीमखाने, मशिदी, कब्रस्ताने आहेत. पण मोहल्ल्याच्या मधोमध मुलांसाठी एक बाग हवी, त्यासाठी जागा राखा, अशी मागणी घेऊन ट्रस्टच्या दारात ठाण मांडणारा आपला एखादा मंचेरजी जोशी मला अजून सापडलेला नाही. वाचकांपैकी कोणाला माहीत असेल तर आनंदाने चूक कबूल करीन.

१९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा आला. हिंदुस्थानातला हा असा पहिला कायदा. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. वेड्यावाकड्या शेतजमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते, बाग, शाळा यांच्यासाठी हिस्सा काढायचा आणि उरलेली जमीन नीट आकारात मूळ मालकांना परत द्यायची. मालकाची जमीन घटते पण किंमत वाढते, त्या वाढीतला वाटा तो योजनेच्या खर्चाला देतो. वांद्रे, खार, सांताक्रूझ इथे अशा योजना झाल्या. तिथल्या छोट्या बागा बऱ्याचशा या कायद्याच्या आहेत. पण त्या झाल्या पुन्हा मोकळ्या जमिनीवरच.

जुन्या वस्तीचे काय करायचे याचा विचार त्या वेळी एका माणसाने केला होता. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले. इथल्या अनेक शहरांत फिरून त्यांनी अहवाल लिहिले आणि १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. नागपाड्यासारख्या तोडफोडीला त्यांचा विरोध होता. त्यांचे म्हणणे असे की गल्लीतून पायी हिंडा, कुठले घर खरोखर पडायला आले आहे ते पाहा, तेवढेच काढा. त्या रिकाम्या जागेत झाड लावा, पार बांधा, विहीर स्वच्छ करा. सरळ रुंद रस्त्याच्या नावाखाली शंभर घरे पाडण्यापेक्षा दहा काढून दहा चौक मिळवा. याला ते शस्त्रक्रियेची उपमा देत, रोगी वाचला पाहिजे अशी शस्त्रक्रिया. भेंडीबाजार-नागपाड्यात हे घडले असते तर आज प्रत्येक तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी एक पिंपळ किंवा कडुनिंब आणि खाली बसायला बाक असता. घडले नाही. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

नागपाड्याला अगदीच काही मिळाले नाही असेही नाही. १९२७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ड यांनी तिथे 'नेबरहूड हाऊस' काढले. वाचनालय, दवाखाना, वर्ग आणि खेळ असे ते घर होते. १९३६ मध्ये समाजकार्याचे जे शिक्षण तिथे सुरू झाले, त्यातूनच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था वाढली. नागपाड्याच्या इवल्याशा मैदानांवर बास्केटबॉल रुजला आणि या मोहल्ल्यातली मुले देशाच्या संघापर्यंत गेली. क्रिकेटला मैदान लागते, फुटबॉलला लागते. बास्केटबॉलला थोडक्यात भागते. आमच्या पोरांनी जेवढी जागा मिळाली तेवढ्या मापाचा खेळ निवडला, असे मला नेहमी वाटते.

स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या कायद्याने सगळ्या शहराचा एकच विकास आराखडा करणे महापालिकेला बंधनकारक झाले. मुंबईचा पहिला आराखडा १९६४ मध्ये तयार झाला, १९६७ मध्ये मंजूर झाला. दुसरा १९९० च्या दशकात लागू झाला, तिसरा म्हणजे २०३४ पर्यंतचा, २०१८ मध्ये. आराखड्यात बागेसाठी, मैदानासाठी, शाळेसाठी भूखंडावर 'आरक्षण' पडते. नकाशावर हिरवा रंग आला की आपल्याला वाटते बाग झाली. इथेच फसगत होते. आरक्षण म्हणजे फक्त 'या जागेवर दुसरे काही करू नका' एवढी सूचना. जमीन मालकाचीच असते. पैसे देऊन किंवा बदल्यात बांधकामाचे हक्क देऊन महापालिकेने ती घ्यावी लागते. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाचे १२७ वे कलम असे की दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत पालिकेने पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. ही मुदत मुळात सहा महिन्यांची होती, आता ती चोवीस महिन्यांची आहे. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नुसती कागदी हालचाल चालणार नाही, जमीन संपादनाचे खरे पाऊल पडले पाहिजे. कायदा मालकाच्या बाजूने अन्यायकारक नाही. कोणाची जमीन किती वर्षे अडवून ठेवायची? पण परिणाम काय होतो पाहा. ज्या वॉर्डात लोक जागे असतात तिथे नोटीस आली की नगरसेवकाच्या घरी माणसे जातात. जिथे कोणाला आरक्षणाचा क्रमांकच माहीत नाही तिथे चोवीस महिने गुपचूप संपतात. एका खोलीत आठ माणसे राहणाऱ्याला कलम १२७ वाचायला सवड कुठून असणार?

गिरण्यांच्या जमिनींचा किस्सा ताजा आहे, म्हणून थोडक्यात. भायखळा ते लोअर परळ गिरण्या बंद पडल्यावर १९९१ च्या नियमाने त्या जागेचे साधारण तीन वाटे करायचे होते, शहराच्या मोकळ्या जागेला एक, सार्वजनिक घरांना एक, मालकाला एक. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, आधीपासून बांधकाम नसलेल्या तेवढ्याच जमिनीची, असा त्याचा अर्थ लावला गेला. गिरणीच्या आवारात शेड नसलेली जागा असते किती? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो टिकला नाही. मदनपुऱ्यातून, भायखळ्याच्या चाळींतून ज्या गिरण्यांत माणसे पाळीला जात होती, तिथे आता काचेचे मनोरे आहेत. मध्य मुंबईला बागा मिळण्याची ती बहुधा शेवटची मोठी संधी होती.

२०३४ च्या आराखड्याच्या तयारीत जमिनीच्या वापराची पाहणी झाली तेव्हा मुंबईत माणशी १.२४ चौरस मीटर मोकळी जागा असल्याचा आकडा पुढे आला. घरातला मुसल्ला मी मोजून पाहिला. पाऊण-एक चौरस मीटरच्या मधेच तो भरतो. म्हणजे या शहरात प्रत्येकाच्या वाट्याला दोन जानमाजांपेक्षा कमी मोकळी जागा येते, आणि ही सरासरी आहे. संजय गांधी उद्यान, शिवाजी पार्क जवळ असणाऱ्याचे आणि मदनपुऱ्याचे मिळून केलेली.

आता हरित इमारतीकडे वळू. २००४ मध्ये हैदराबादच्या ग्रीन बिझनेस सेंटरचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे रुळला. मुंबई महापालिकेने २००२ पासून हजार चौरस मीटरवरच्या भूखंडांना पावसाचे पाणी जिरवणे वा साठवणे सक्तीचे केले, २००७ मध्ये ही मर्यादा तीनशे चौरस मीटरवर आणली. ही चांगली कामे आहेत. पण बिल्डर मंडळींनी त्यातून एक युक्ती काढली. जमिनीवर पार्किंगचे तीन-चार मजले, आणि त्यांच्या छतावर लॉन. कागदावर बाग झाली. दादरच्या एका प्रकल्पाच्या खटल्यात डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नियमाप्रमाणे सोडायची किमान मनोरंजनाची जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची तिच्या बदल्यात चालणार नाही. चौथ्या मजल्यावरच्या बागेत वॉचमनचे पोर खेळायला जाऊ शकते का, एवढा प्रश्न विचारला तरी निकाल कळतो. शिवाय दीड-दोन फूट मातीत वडाचे झाड उभे राहत नाही.

आणि याच शहरात याच वर्षांत, रस्ते-रेल्वेच्या प्रकल्पांत उठलेल्या झोपडपट्टीवासीयांसाठी गोवंडी-मानखुर्दकडे पुनर्वसनाच्या वसाहती उभ्या राहिल्या. सात-आठ मजल्यांच्या इमारती आणि दोन इमारतींमध्ये काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर. ऑरसाहेबांचा हिशेब लावा. सत्तर-पंचाहत्तर फूट उंचीला पस्तीस फुटांवर अंतर हवे, तिथे दहा फूट आहे. २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' संस्थेचा तिथल्या तीन वसाहतींचा अभ्यास बाहेर आला. ज्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून आहेत तिथे, मोकळ्या मांडणीच्या तिसरीपेक्षा क्षयरोग कितीतरी अधिक आढळला, आणि खालच्या मजल्यांच्या खोल्यांत उजेड पोचतच नव्हता. १९१२ साली परक्या सरकारच्या अधिकाऱ्याला जे कळले होते ते आपल्या स्वतंत्र शहराने नियमातली सूट म्हणून सोडून दिले. सूट दिली ती गरिबांच्या घरांसाठी, कारण तिथे मोकळ्या जागेचा प्रत्येक फूट कोणाला तरी विकायच्या मजल्यांतून वजा होत होता. त्या वसाहतींत आपली वस्ती किती आहे हे या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आमच्या शाळेतल्या एका मुलीचे कुटुंब तिकडे गेले. दोन वर्षांनी तिची आई भेटली, म्हणाली, "बाजी, घर पक्का मिला, मगर दिन-रात का पता नहीं चलता."

२०१५ च्या फेब्रुवारीत आराखड्याचा मसुदा जाहीर झाला तेव्हा साठ हजारांहून अधिक हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये सरकारला तो परत घ्यावा लागला. त्या हरकतींत एक माझीही होती. तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. आमच्या गल्लीमागे एक तुकडा जुन्या नकाशात बागेसाठी होता, नव्यात तो रंग गेला होता. मी पाहिलेला नकाशा इंग्रजीत होता. मशिदीच्या बाहेर जुम्याच्या नमाजनंतर दोन सहकारी शिक्षकांनी उर्दूत त्याचा अर्थ लोकांना सांगितला आणि मी मराठीत अर्ज लिहिले. एका आठवड्यात एकशे चाळीस सह्या झाल्या, त्यातल्या निम्म्या बायकांच्या होत्या. कार्यालयातल्या कारकुनाने एवढे अर्ज एकदम घ्यायला नाक मुरडले, पण पोच दिली.

नंतरच्या मसुद्यात तो तुकडा पुन्हा हिरवा झाला. आमच्या अर्जांनी झाला की आणखी कशाने, ते कोणी लेखी कळवत नाही. तिथे सध्या टेम्पो उभे राहतात आणि कोपऱ्यात एक बदामाचे झाड आहे. आराखडा २०१८ मध्ये लागू झाला, म्हणजे कलम १२७ ची दहा वर्षे २०२८ मध्ये भरतात. आरक्षणाचा क्रमांक, भूखंडाचा नगर भूमापन क्रमांक आणि ती पोच एका फायलीत घालून मी शाळेच्या कपाटात ठेवली आहे. फायलीवर उर्दू आणि मराठीत तारीख लिहिली आहे, आणि कपाटाची किल्ली कुठे असते ते दोन धाकट्या सहकाऱ्यांना सांगून ठेवले आहे.